वेगळा पेला

आमच्या मंडळीत साक्ष द्यायची पद्धत आहे. दुखण्यातून उठलेलं माणूस रविवारी पुढे जातं, देवानं मला कसं उचललं ते सांगतं, आणि सगळे 'आमेन' म्हणून बाहेर पडतात. मलाही सांगून झालं, "सुमतीबाई, तुम्ही साक्ष द्या." मी गेले नाही. एक तर मी कुठली उठलेय! एक फुप्फुस कामातून गेलंय, चार पायऱ्या चढले की भिंत धरावी लागते, आणि संध्याकाळी अजून अंग कढत होतं. दुसरं म्हणजे, मला जे सांगायचंय त्यावर कुणाला आमेन म्हणता येईल असं वाटत नाही.

म्हणून लिहिते आहे. क्षयाच्या वॉर्डात पडलेल्या एखाद्या बाईच्या उशाशी कुणीतरी येऊन बसेल आणि गोड आवाजात म्हणेल, "माफ करून टाका, म्हणजे बरं वाटेल." त्या बाईसाठी हे आहे. बाई गं, बरं वाटत नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे उगीच आशेवर राहू नकोस.

*

आम्ही कासारवाडीला राहतो, रुळांच्या अलीकडे, दोन खोल्यांत. हे पिंपरीला नव्यानं उभ्या राहिलेल्या औषधांच्या कारखान्यात फिटर आहेत, सायकलवर जातात. मुलगी एकच होती, सुशी. गाडी गेली की आमच्या फळीवरची भांडी थरथरायची, आणि सुशी स्टुलावर चढून एकेका भांड्यावर हात ठेवायची आणि दटावायची, "गप! गप!"

त्या भांड्यांत एक पितळी पेला आहे. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझे आजेसासरे नगरकडचे, गावकुसाबाहेरचे. विहिरीपासून लांब उभं राहायचं, ओंजळ धरायची, आणि कुणाच्या मनात आलं तर त्यानं वरून पाणी ओतायचं, अशी त्यांची अर्धी हयात गेली. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी पाद्रीसाहेब एका पेल्यातून पाणी प्यायले आणि कड न पुसता तोच पेला त्यांनी आजेसासऱ्यांच्या हातात दिला. म्हातारा तिथंच मटकन खाली बसून रडला म्हणे. पाद्रीसाहेबांनी तो पेला त्यांनाच देऊन टाकला. तोच हा.

तेव्हापासून आमच्या घरात उष्टं हा शब्द नाही. माठावर एकच पेला. आल्यागेल्यानं, घरच्यादारच्यानं त्यातच प्यायचं, तोंड लावून. नवी नवरी होते तेव्हा मी माठापाशी दुसरा पेला ठेवला, तर सासूबाई केवढ्यांदा ओरडल्या! "पुन्हा विटाळ आणायचाय का माझ्या घरात?" सासूबाई गेल्या, पण रीत राहिली. मला त्या रीतीचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? शेजारणींना मी मुद्दाम त्याच पेल्यातून पाणी द्यायची.

सगुणावन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही. नगरकडे मिशनच्या शाळेत मास्तरीण होत्या. खोकला धरून बसलाय, हवापालट म्हणून येते, असं म्हणत एक दिवस आल्या आणि राहिल्या. सुशीला तर आभाळच ठेंगणं झालं. जेवायचं आत्याच्या मांडीवर, झोपायचं आत्याच्या कुशीत. आत्या अर्धा पेला प्यायली की उरलेला हिनं संपवायचा. आत्याला ढास लागली की ही छातीला कान लावायची. "आत्या, तुझ्या आत गाडी आहे का गं?" वन्सं म्हणायच्या, "आहे ना, लोणावळ्याला चाललीय."

मी भाकरी थापता थापता हसत होते. हसत होते हो मी.

*

सुशीला आधी नुसता ताप. मग उलट्या. मग मान वळेना, आणि उजेड नको म्हणायला लागली. आम्ही पुण्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, क्षय आहे, मेंदूपर्यंत गेलाय. शेजारीण ह्यांना म्हणाली, "अहो, तुमच्या तर कारखान्यातच औषध!" ह्यांनी कपाळाला हात लावला. तिथलं औषध ह्या दुखण्याला लागू पडत नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, घरात खोकतं कोण? आम्हा तिघांचे छातीचे फोटो काढले. ह्यांचा स्वच्छ होता. माझ्या छातीत एका बाजूला डाग निघाला, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही, मन सगळं पोरीकडे. मग डॉक्टरांनी वन्संचा फोटो उजेडासमोर धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे जुनं आहे," ते म्हणाले. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

वन्सं पायाकडे बघत म्हणाल्या, "सांगितलं होतं."

माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं काही झालं नाही. जमीन जागच्या जागी होती, फरशी पुसणारी बाई बाजूनं गेली. मी वन्संना बाहेर व्हरांड्यात ओढत नेलं.

"का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला वेगळा पेला दिला असता."

"दिलाच असता!"

"तेच. आजोबांच्या घरात, वहिनी, वेगळा पेला?"

पुढे डॉक्टर मला समजावत होते की पेल्यानंच गेलं असं नाही बाई, एका खोलीत झोपलं, तोंडाजवळ खोकलं, तरी पुरे होतं. असेल. मला आजही पेलाच दिसतो.

सुशी त्याच आठवड्यात गेली. ह्याच्यावर मला लिहिता येणार नाही. एवढंच सांगते की पेटीत ठेवायच्या आधी वन्सं तिला शेवटचं घ्यायला पुढे झाल्या, आणि मी सगळ्या मंडळीदेखत ओरडले, "हात लावू नका माझ्या पोरीला!" त्यांनी हात मागे घेतले आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

*

आम्हा दोघींना नदीपलीकडच्या माळावर क्षयाच्या इस्पितळात ठेवलं, एकाच दिवशी. ह्यांनी तिथल्या मोठ्या डॉक्टरसाहेबांच्या हातापाया पडून खाटा शेजारी शेजारी मिळवल्या. "एकमेकींना सोबत होईल," म्हणाले. पुरुषांना कधी कधी काय सुचतं!

इस्पितळाचा दिवस म्हणजे पडून राहण्याचा धंदा. सकाळी तोंडात ताप बघायची काचेची नळी, मग इंजेक्शन, मग दूध आणि उकडलेलं अंडं, मग कडू पुड्या. दुपारी वॉर्डभर शांतता, बोलायचं नाही, कूस बदलायची तीही हळू. प्रत्येकीच्या खाटेखाली झाकणाची थुंकीची डबी. आणि प्रत्येकीचा पांढरा मग, त्यावर लाल रंगानं खाटेचा आकडा. एकीचा मग दुसरीनं घ्यायचा नाही, सक्त ताकीद.

पहिल्या दिवशी वन्संच्या पुढ्यात तो आकड्याचा मग आला तेव्हा मी मुद्दाम मान वळवून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मिळाला ना शेवटी वेगळा पेला? मनात म्हणाले, आणि मला बरं वाटलं. ह्या सगळ्या दुखण्यात मला खरोखर बरं वाटलं ते तेवढंच.

पलीकडच्या खाटेवर पारूबाई होती, चाकणकडची, कांदा-बटाट्याच्या रानात वाढलेली. तिचा नवरा पहिल्यांदा दर बाजाराला यायचा, मग येईनासा झाला, आणि मग कळलं की त्यानं दुसरी आणली. पारूबाई म्हणाली, "बरं झालं, म्हशीला धार काढायला कुनीतरी पायजेच व्हतं." दोन दिवस तिनं दूध घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी घेतलं, आणि मी कीव येऊन माझ्या वाटची साय पुढे केली तर म्हणाली, "साय माझ्यावर फेकू नगंस, तूच खा."

*

हे दर रविवारी यायचे. सुशीचं नाव घ्यायचे नाहीत. "ती देवाघरी सुखात आहे," एवढंच, तेही छताकडे बघून. मग बहिणीच्या खाटेशी बसायचे, तिचा हात हातात घेऊन. तिला त्यांनी लगेच माफ केलं होतं. इतक्या लगेच, की माझ्या जिवाचा संताप व्हायचा. पोरगी त्यांची पण होती ना!

"ती आतून खचतेय," ते मला म्हणाले. "तूही म्हणून टाक एकदा. आपण ख्रिस्ती माणसं ना?"

"म्हणून टाक म्हणजे? काय, पाढा आहे?"

"तिच्यासाठी नाही तर माझ्यासाठी."

त्यांचे डोळे भरलेले बघून मी वन्संकडे वळले आणि म्हटलं, "माफ केलं हो, वन्सं." वन्सं ओक्साबोक्शी रडल्या. हे नाक पुसत, हलके होऊन घरी गेले. ते गेल्यावर वन्संना ढास लागली, त्यांनी पाण्यासाठी हात केला, त्यांचा मग माझ्याजवळच्या टेबलावर होता. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पारूबाई उठली आणि तिनं दिला. माझं माफ करणं किती पाण्यात आहे ते आम्हा दोघींना तेव्हाच कळलं.

थोड्या दिवसांनी पाळकसाहेब आले, प्रभुभोजन द्यायला. भला माणूस, उन्हातून सायकल हाकत आलेला. भाकर आणि पेला असं पांढऱ्या फडक्यावर मांडलं. वॉर्डात ख्रिस्ती आम्ही दोघीच. आमच्यात रीत आहे की मनात कुणाशी वाकडं असेल तर आधी समेट करावा, मगच मेजापाशी यावं. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं.

"माझा समेट झालेला नाही," मी म्हणाले. "मी घेणार नाही."

"पण तुमचे यशवंतराव तर म्हणाले..."

"ते खोटं होतं. त्यांना घरी जायला उशीर होत होता म्हणून मी बोलले."

वन्सं उशीवरूनच म्हणाल्या, "मग मीही घेणार नाही."

पाळकसाहेब हळूहळू सांगत राहिले. देवानं आपल्या एकुलत्या एका पुत्राला मारणाऱ्यांना सोडून दिलं. त्यानं आपल्याला एवढं सोडलं तर आपण थोडं सोडू नये का? आणि जो सोडत नाही त्याला तरी कसं सोडलं जाणार? मला हे सगळं पाठ होतं. कितीतरी वर्षं मी रविवारच्या शाळेत पोरांना हेच तर शिकवलं होतं.

पारूबाई ऐकत होती. ती एकदम म्हणाली, "आवं पाद्रीबाबा, त्याचं पोरगं तिसऱ्या दिशी उठलं म्हनं न्हवं?"

"हो बाई, उठला."

"मंग त्याला माफ करायला काय जातंय? हिची पोर उठली का?"

पाळकसाहेबांनी फडकं गुंडाळलं. जाताना माझ्या खाटेपाशी थांबले आणि म्हणाले, "ह्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. मी पुन्हा येईन." त्या एका वाक्यासाठी मी त्यांना मानते. पारूबाईवर मात्र मी चिडले, का ते सांगता यायचं नाही. माझ्याच मनातलं ती बोलली होती, पण दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकलं आणि उरलासुरला देवही गेल्यासारखं वाटलं.

*

मी का सोडत नव्हते? लोकांना वाटायचं, हट्ट. अहो, सुशीचं म्हणून माझ्याकडे उरलं काय होतं? एक फ्रॉक आणि हा राग. फ्रॉक घरी ट्रंकेत होता. रागच तेवढा माझ्याजवळ होता. तोही देऊन टाकला असता तर सुशी नुसती 'दुखण्यानं गेली' झाली असती, हजार पोरं जातात तशी. कुणाचं काही चुकलंच नाही असं झालं असतं. मला ते नको होतं.

एका दुपारी, शांततेच्या वेळी, वन्सं छताकडे बघत पुटपुटल्या, "गाडी गेली की भांड्यांना गप म्हणायची."

कितीतरी दिवसांत कुणी तिच्याविषयी बोललं नव्हतं. मी दातओठ खाऊन पडून राहिले. पण राहवेना.

"सगळ्या भांड्यांना," मी म्हणाले.

"पेल्याला नाही म्हणायची. म्हणायची, तो शहाणा आहे."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या पोरीचं एक वाक्य, आणि मला ते माहीत नव्हतं! मग रोज दुपारी मी वाट बघायला लागले. वन्सं एखादी गोष्ट काढायच्या, कधी मी. सिस्टर आली की दोघी डोळे मिटून घ्यायचो. असं समजू नका की माझं मन वितळलं. त्यांच्या तोंडून सुशी ऐकायची, आणि त्याच तोंडाची चीड यायची, दोन्ही एकदमच. पण सुशी आणखी कुठे मिळत होती मला?

मला इंजेक्शनं लागू पडली. वजन धरलं, व्हरांड्यापर्यंत चालायची मुभा मिळाली. वन्संना रक्त पडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या जंतूंना आता इंजेक्शनाची सवय झालीय. हिंडूफिरू शकणाऱ्या बायांनी खाटेला खिळलेल्यांचं करायचं अशी वॉर्डातली रीत. वन्संची डबी धुवायचं माझ्याकडे आलं. मी धुवायची. मनात प्रेम वगैरे काही नाही, नाकाला पदर आणि कपाळाला आठी.

*

पाळकसाहेब पुन्हा आले. ह्या वेळी फडक्यावर दोन पेले होते, औषधाच्या मापासारखे, काचेचे, लहानसे. ते ओशाळून म्हणाले, "मोठ्या सिस्टरांनी सांगितलंय, रोग्यांना वेगळे वेगळे द्या."

मी वन्संकडे बघितलं. सरणाच्या... नाही, आमच्यात सरण नाही. कबरीच्या तोंडाशी आलेली बाई, आणि प्रभूच्या मेजावरही वेगळा पेला. पहिल्या दिवशी मला आनंद झाला होता. ह्या वेळी झाला नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "पाळकसाहेब, एकच भरा. आधी त्यांना द्या, मग मला."

पाळकसाहेबांचा हात थांबला. वन्संनी पदर तोंडावर ओढला आणि मान हलवली.

"नको. माझा वेगळा."

"वन्सं..."

"तुम्हाला औषध लागू पडतंय वहिनी. माझे जंतू आता औषधाला दाद देत नाहीत. माझं उष्टं घेऊ नका. माझा वेगळाच द्या."

मला वाटलं होतं मी रडेन. उलट माझा असा तिळपापड झाला! "हे तेव्हा म्हणाला असतात तर!" मी पाळकसाहेबांदेखत ओरडले. "तेव्हा एकदा, वन्सं! एकदा म्हणाला असतात!"

"हो," वन्सं म्हणाल्या. "तेव्हा म्हणायला हवं होतं. मी मानासाठी पोर घालवली."

इतके दिवस त्या रडल्या होत्या, देवाची इच्छा म्हणाल्या होत्या, चुकलं माझं म्हणाल्या होत्या. हे असं नावानिशी पहिल्यांदा बोलल्या. माझा राग मी एकटी धरून बसले होते. त्या वाक्यानं त्याचं दुसरं टोक त्यांनी धरलं. तेवढं ओझं कमी झालं. राग तेवढाच राहिला.

पाळकसाहेबांनी ह्या वेळी समेटाचं विचारलं नाही. आम्ही आपापल्या पेल्यातून प्यायलो.

ते गेल्यावर वन्सं म्हणाल्या, "वहिनी, एक विचारू? तिथं सुशी भेटली तर तिला कडेवर घेऊ का? तुम्ही हात लावू नका म्हणाला होतात."

तिथं काही आहे की नाही हेच मला उमगेनासं झालं होतं. पण त्यांनी असं विचारलं की जणू पुढच्या खोलीतच निघाल्या आहेत, आणि परवानगी माझी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर ताप बघून गेल्यावर मी त्यांच्या खाटेशी गेले.

"घ्या," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले.

"पण पाणी तुमच्या हातानं पाजू नका."

"नाही पाजणार," वन्सं म्हणाल्या.

त्या आठवड्यात त्या गेल्या. त्यांचा आकड्याचा मग उकळून दुसऱ्या बाईला दिला.

*

मी घरी आले त्या दिवशी ह्यांनी मोठ्या हौसेनं पितळी पेला चिंचेनं लख्ख घासला, भरला, आधी स्वतः घोटभर प्यायले आणि माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "माझा वेगळा." त्यांचा चेहरा अगदी वन्संसारखा झाला. माझा पेला आता खिडकीत असतो, काचेचा. मूल आता होऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. गाडी जाते, भांडी थरथरतात, आणि आम्ही दोघं ती थांबायची वाट बघत बसतो.

माफ केलंस का, असं मला अजून विचारतात. मला माहीत नाही. प्रभूच्या प्रार्थनेत दुसऱ्यांचे अपराध सोडल्याची ती ओळ येते तिथं मी गप्प होते. सगळे पुढे जातात, मी मागे राहते. तेवढ्या वेळात मी मनात वन्संशी बोलून घेते. तिला कडेवर घेतलंय ना? नीट धरा, ती पाय हलवते. तहान लागली म्हणाली तर थोडं थांब म्हणा. पाणी मी आल्यावर पाजीन.